वेडर घ्यायचाय? आधी जोड बघा, मग किंमत

ओहोटी लागली की कोकणातल्या खाड्यांमध्ये माणसं उतरतात. कुणी पाग टाकतं, कुणी गळ लावून उभं राहतं, कुणी खडकावरची कालवं काढतं. बायका चिखलातून शिवल्या आणि मुळे उकरतात. रत्नागिरीचा राजिवडा असो, राजापूर तालुक्यातलं साखरी नाटे असो, की बाणकोट-दाभोळच्या खाडीकाठची गावं असोत, आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल या पाण्यावर पेटते. पण तासन्‌तास पाण्यात उभं राहण्याची किंमत पाय मोजतात. कालवांच्या धारेने तळवे चिरतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जखमा लवकर भरत नाहीत.

म्हणून आता बरेच जण वेडर घेऊ लागले आहेत. वेडर म्हणजे गमबूट आणि पाणी न शिरणारी विजार एकत्र असलेला पोशाख. मांडीपर्यंत, कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत अशा तीन उंचीत तो मिळतो. ऑनलाइन फोटोत सगळे सारखेच दिसतात, पण काही दोन महिन्यांत गळायला लागतात, तर काही चार-पाच वर्षं टिकतात. हा फरक कशामुळे पडतो आणि पैसे देण्यापूर्वी काय बघायचं, ते आज समजून घेऊ.

पाणी आत येतं कुठून?

शाळेत आम्ही पाण्याचा दाब शिकवतो, तेच गणित इथे लागू पडतं. एक मीटर खोलीवर पाणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १०० ग्रॅम वजनाइतकं दाबतं. पावसाचा थेंब अंगावरून ओघळून जातो, पण खाडीचं पाणी सतत दाबत राहतं. त्यामुळे पावसात चांगला चाललेला रेनकोट पाण्यात उभं राहिल्यावर शिवणीतून झिरपतो.

वेडर सहसा कापडाच्या मधोमध फुटत नाही. तो गळतो चार ठिकाणी: दोन पायांच्या मधली शिवण, गुडघा, मांड्यांची आतली बाजू आणि बूट जिथे विजारीला जोडलाय तो घोटा. दुकानात आधी या चार जागांवर बोट फिरवा. नुसती सुईने शिवलेली जोड असेल तर प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. तशा शिवणीवर आतून पाणीबंद पट्टी चिकटवलेली हवी, आणि ती कुठे सुटलेली किंवा चुणलेली नको. पीव्हीसीच्या वेडरमध्ये दोन कडा एकमेकींवर ठेवून उष्णतेने वितळवून जोडतात. अशी जोड निदान बोटभर रुंद आणि सगळीकडे एकसारखी असावी. गुडघ्यावर कापडाचा दुसरा थर असेल तर उत्तम.

लेबलवर 'डेनियर' नावाचा आकडा असतो. ९,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये म्हणजे डेनियर. आकडा जितका मोठा तितका धागा जाड, आणि कालवांच्या धारेपुढे तो जास्त टिकतो. पण हा आकडा धाग्याबद्दल सांगतो, जोडीबद्दल काहीच सांगत नाही, हे विसरू नका.

कापड कोणतं घ्यावं?

*पीव्हीसी.* नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कापडावर प्लास्टिकचा थर दिलेला असतो. हा सगळ्यात स्वस्त, धुवायला सोपा, चिखलाला आणि कोळंबीच्या तळ्याला चांगला. मात्र आत घाम खूप येतो, आणि उन्हात टाकून ठेवला की कडक होऊन घडीवर तडकतो.

*रबर.* वजनाने जड, पण खरचटणं भरपूर सहन करतो. पंक्चर झालं तर सायकलच्या ट्यूबसारखं ठिगळ लावता येतं. खडकावर, कालवांत काम असेल तर हा भरवशाचा. त्याचे दुश्मन म्हणजे डिझेल, तेल आणि ऊन.

*निओप्रीन.* तीन ते पाच मिलिमीटर जाडीचं, स्पंजासारखं रबर. हे थंड पाण्यासाठी बनवलेलं आहे. लंडनहून कुणी नातेवाईक मायेने असा वेडर घेऊन आला तर त्याचे आभार जरूर माना, पण एप्रिल-मेच्या खाडीत तो घालू नका. अंग भाजून निघेल, चक्कर येईल.

*ब्रीदेबल.* यात पातळ पडदा असतो, जो वाफ बाहेर सोडतो पण पाणी आत घेत नाही. हलका आणि आरामदायी, पण सगळ्यात महाग. आपल्या दमट हवेत वाफ बाहेर जायला वावच कमी मिळतो. शिवाय चिखल आणि मीठ बसलं की पडद्याचं काम आणखी मंदावतं. हौसेने गळ टाकणाऱ्याला ठीक, रोज कालवं काढणाऱ्याला नाही.

थोडक्यात, चिखल आणि तळ्यासाठी जाड पीव्हीसी, खडक आणि कालवांसाठी रबर. आणि पाणी गुडघ्यापर्यंतच असेल तर छातीपर्यंतचा वेडर घेऊच नका. चांगले गमबूट किंवा मांडीपर्यंतचा वेडर पुरतो. पीव्हीसीच्या गमबुटांसाठी आयएस १२२५४ हे भारतीय मानक आहे, तो आकडा आणि आयएसआयची खूण बघून घ्या.

बूट आणि माप

काही वेडरला बूट कायमचे जोडलेले असतात, काहींना मोजे असतात आणि वरून वेगळे बूट घालावे लागतात. जोडलेले बूट घालायला-काढायला झटपट, पण खोल चिखलात ते ओढले जातात आणि सगळा ताण घोट्याच्या जोडीवर येतो. वेगळे, लेस बांधायचे बूट पायाला धरून राहतात. जिथे पाय रुततो तिथे हेच बरे. तळवा खोल नक्षीचा घ्या.

माप घेताना रोजचे कपडे घालून बघा. उकिडवे बसा, एक पाय खुर्चीवर ठेवा. दोन पायांच्या मधे ताण आला तर एक माप मोठं घ्या, नाहीतर ती शिवण पहिली फुटणार. फार ढगळ घेतला तर चुण्या एकमेकींवर घासून कापड झिजतं. बायकांची अडचण इथेच होते. बाजारातली बहुतेक मापं पुरुषांची, त्यामुळे लांबी जास्त आणि बूट मोठे. बूट मोठा असेल तर चिखलात पाय आतल्या आत सरकतो आणि तोल जातो. खालाजान, आपा यांच्यासाठी घेणार असाल तर त्यांना दुकानात घेऊन जा. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा. बिल जपून ठेवा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

घरी आणल्यावर तपासा

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी हे करा. अंधाऱ्या खोलीत पेटता टॉर्च वेडरच्या आत फिरवा. भोक किंवा विरलेली जागा उजेडाने लगेच कळते. मग वरचं तोंड गुंडाळत आत हवा कोंडा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती.

वापरायला लागल्यावर 'गळतोय' वाटलं तर आतले कपडे बघा. सगळीकडे सारखी ओल असेल तर तो घाम. एकाच जागी ओल असेल तर ती गळती. बरेच चांगले वेडर केवळ घामामुळे बदनाम होतात.

पट्टा नसेल तर पाण्यात उतरू नका

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. छातीपर्यंतच्या वेडरवरून कमरेला घट्ट पट्टा बांधायलाच हवा. तोल जाऊन पडलात तर तो पाणी पायांत भरण्याचा वेग कमी करतो आणि आतली हवा कोंडून ठेवतो. वेडरमध्ये भरलेलं पाणी माणसाला खाली ओढतं अशी समजूत आहे, पण पाण्यात असताना त्या पाण्याचं वजन जाणवत नाही. मात्र हालचाल जड होते, आणि काठावर चढताना तेच पाणी माणसाला उभं राहू देत नाही. म्हणून पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवा, हातांनी काठ गाठा आणि रांगतच बाहेर या. खांद्याचे पट्टे पाण्यातही चटकन सुटतील असेच हवेत.

होडीत वेडर घालू नका, तिथे लाइफ जॅकेट हवं. एकट्याने उतरू नका. हातात काठी ठेवा, पुढची जमीन चाचपून मगच पाऊल टाका. आणि भरतीची वेळ घरी सांगून निघा. ओहोटीनंतर साधारण सहा तासांत पाणी पुन्हा पूर्ण चढलेलं असतं.

वेडर काय अडवत नाही?

पाकटाचा काटा आणि शिंगाळ्याचा काटा कोणत्याही वेडरमधून आरपार जातो. म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, पाकट आधीच सरकतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, वेदना कमी होतात. मग डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

गोड्या किंवा साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे अनुभवलं आहे. वेडर इथे मदत करतो, पण गळका वेडर तेच पाणी जखमेला लावून ठेवतो. पाण्यात उतरल्यानंतरच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर डॉक्टरला 'पाण्यात काम केलं' हे आठवणीने सांगा.

निगा आणि दुरुस्ती

काम झालं की गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा आणि सावलीत उलटा, बूट वर करून टांगा. आधी बाहेरून, मग आतून वाळू द्या. घडी घालून पोत्यात कोंबू नका.

रबराला सायकल दुकानातलं सोल्यूशन आणि ठिगळ चालतं, पण आधी सँडपेपरने घासायला हवं. पीव्हीसीवर ते सोल्यूशन टिकत नाही, त्याला पीव्हीसीचाच गोंद आणि पीव्हीसीचाच तुकडा लागतो. कोणतंही ठिगळ पूर्ण कोरड्या, मीठ धुतलेल्या जागेवर लावा आणि एक दिवस सुकू द्या.

घरात एकच वेडर घेण्याइतके पैसे असतील तर तो सगळ्यात जास्त वेळ पाण्यात उभं राहणाऱ्याच्या मापाचा घ्या. कितीतरी घरांत ती व्यक्ती अम्मी असते.