मैदानाची पहिली रेघ

तालुक्याला क्रीडा संकुल मंजूर झाले की चर्चा होते ती गॅलरीची, धावपट्टीची, प्रवेशद्वाराच्या कमानीची. खेळपट्टी कोणत्या दिशेला आखायची, हे मात्र बहुधा मिळालेल्या जागेच्या आकारावर ठरते. ज्या अहिल्यानगर जिल्ह्याने श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे दिला, तिथे तरी हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जावा, कारण रचनेतला एवढा मोलाचा आणि इतका बिनखर्ची निर्णय दुसरा नाही. आश्चर्य हे की क्रिकेटच्या नियमांत दिशेचा उल्लेखच नाही, पण बेसबॉलच्या नियमपुस्तकात तो आहे. फलंदाजाच्या होम प्लेटपासून चेंडूफेक करणाऱ्यावरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व आणि ईशान्य यांच्या मधोमध रोखलेली असणे इष्ट, अशी ती शिफारस. त्यामुळे मावळता सूर्य फलंदाजाच्या पाठीशी राहतो. त्याची किंमत उजव्या कोपऱ्यातला क्षेत्ररक्षक मोजतो. उंच उडालेला चेंडू त्याला थेट सूर्यबिंबातून शोधावा लागतो, आणि म्हणूनच त्या कोपऱ्याला अमेरिकेत ‘सन फील्ड’ म्हणतात.

क्रिकेटमध्ये दर षटकाला टोक बदलते, तेव्हा सूर्य कायम पाठीशी ठेवण्याची सोय नाही. त्याला बाजूला ठेवणे एवढेच हाती उरते. अहिल्यानगर 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य डिसेंबरात पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो, तर जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे खेळपट्टी दक्षिणोत्तर असेल, तर वर्षातल्या कोणत्याही संध्याकाळी मावळता सूर्य फलंदाजाच्या नजरेच्या रेषेपासून निदान 65 अंश दूर राहतो. तीच पूर्व-पश्चिम आखली, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो अगदी समोर येतो. सूर्यास्ताआधी अर्धा तास तो क्षितिजापासून 7 अंशांवर असतो आणि गोलंदाजाचा हात फलंदाजाच्या डोळ्यांना जेमतेम 2 अंश वर दिसतो. ताशी 130 किलोमीटर वेगाचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातला सुरुवातीचा क्षण झळाळीत हरवला, तर उरलेल्या वेळात कौशल्य काय करणार?

प्रकाशझोत लावले की हा प्रश्न मिटतो, असे कोणी म्हणेल. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मॅक्लीन पार्कवर प्रकाशझोत आहेत, पण तिथली खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे. 23 जानेवारी 2019 रोजी भारताची फलंदाजी चालू असताना मावळतीच्या उन्हामुळे एकदिवसीय सामना सुमारे अर्धा तास थांबवावा लागला. सूर्यापुढे दिवे फिकेच पडतात, आणि तालुक्याच्या मैदानावर तर बहुधा दिवेही नसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जागाच लांबट आणि आडवी मिळाली तर? पण दिशा पाळायची आहे ती 20.12 मीटरच्या खेळपट्टीने. सीमारेषा वेडीवाकडी असली तरी खेळ अडत नाही, याचा उत्तम पुरावा म्हणजे बॉस्टनचे 1912 मध्ये खुले झालेले बेसबॉलचे मैदान, फेनवे पार्क. डाव्या अंगाला रस्ता असल्याने तिथली सीमा 310 फुटांवरच येऊन थांबते, आणि त्या तुटीची भरपाई 37 फूट 2 इंच उंचीची हिरवी भिंत करते. आखूड बाजूला उंच जाळी लावणे आपल्यालाही अवघड नाही. गॅलरी पश्चिमेला घेतली, तर दुपारचे ऊन प्रेक्षकांच्याही पाठीवर जाते.

दिशा नेमकी शोधायला यंत्र लागत नाही. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी सांगितलेली शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, रीत शाळेतली मुलेही करू शकतात, आणि मला ती कोणत्याही मोबाइल ॲपपेक्षा सुंदर वाटते. सपाट जमिनीवर काठी सरळ उभी रोवायची आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचे. सावलीचे टोक सकाळी वर्तुळाच्या आत शिरते तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडते तिथे दुसरी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात केल्यास दिवसभरात सूर्याची उत्तर-दक्षिण सरक नगण्य असते, त्यामुळे चूकही जवळजवळ उरत नाही. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिला काटकोन करणाऱ्या रेघेवर खेळपट्टी.