पायाचं बोट मोडलंय की नुसता मुका मार? घरगुती चाचण्या आणि खरा पुरावा



पीएचडीच्या मुलाखतीत किंवा कोर्सवर्कमध्ये 'पुरावा कसा तपासाल?' हा प्रश्न हमखास येतो. आपण पुस्तकातलं उत्तर देतो. आज तोच प्रश्न अगदी साध्या गोष्टीवर लावून बघू. समजा, विद्यापीठाच्या कबड्डी संघाची निवड दहा दिवसांवर आली आहे आणि सरावात तुमच्या पायाच्या करंगळीला जोरात मार बसला. बोट सुजलंय, काळंनिळं पडलंय. आता काय करायचं? खेळायचं की थांबायचं?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा संशोधक विद्यार्थी आहे. हा लेख वैद्यकीय तपासणीची जागा घेत नाही. पण डॉक्टरांकडे कधी जायचं आणि त्यांचं म्हणणं कसं समजून घ्यायचं, एवढं नक्की कळेल.

'बोट हलतंय ना? मग मोडलेलं नाही!'

मैदानावर सगळ्यात आधी हेच ऐकू येतं. संशोधनाच्या भाषेत ही एक निदान-चाचणी झाली. मग तिला चाचणीसारखंच तपासू. बोट हलवणारे स्नायू मुख्यतः पोटरीत आणि तळपायात असतात, आणि त्यांचे दोर म्हणजे कंडरा बोटाच्या हाडांना जोडलेले असतात. हाडाला नुसती चीर गेली असेल, तुकडे जागेवरून सरकले नसतील, तर बोट दुखत दुखत का होईना पण हलतं. म्हणजे 'हलतंय' यावरून 'मोडलेलं नाही' हे सिद्ध होत नाही.

एक काल्पनिक हिशोब करू (आकडे फक्त समजण्यासाठी मनाने घेतलेत). बोट खरोखर मोडलेले 20 खेळाडू आहेत आणि त्यातल्या 10 जणांना बोट हलवता येतं. म्हणजे ही चाचणी 20 पैकी 10 जणांनाच पकडते. तिची संवेदनशीलता झाली 50 टक्के. अशा चाचणीवर विसंबणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच.

आता याच्या उलट उदाहरण. घोट्याच्या दुखापतीत एक्स-रे कुणाचा काढायचा, यासाठी कॅनडातल्या ओटावा इथे इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये काही नियम मांडले. ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखतं का, रुग्णाला चार पावलं टाकणं अशक्य आहे का, असे साधे प्रश्न आहेत. या नियमांची संवेदनशीलता खूप जास्त आहे, त्यामुळे उत्तर 'नाही' आलं तर फ्रॅक्चर जवळजवळ नाकारता येतं. विशिष्टता मात्र कमी. म्हणजे 'हो' आलेल्या अनेकांचं हाड शाबूत निघतं.

पण इथेच खरी गंमत आहे. हे नियम घोटा आणि पायाच्या मधल्या भागासाठी तपासलेले आहेत, बोटांसाठी नाहीत. 'चार पावलं चाललो, म्हणजे बोट ठीक' असा निष्कर्ष काढला तर तुम्ही चाचणी तिच्या हद्दीबाहेर वापरली. पेपर वाचताना 'हे कोणावर तपासलं?' हा प्रश्न विचारायचा तो यासाठीच.

मग एक्स-रे हवाच का?

प्रत्येक वेळी नाही. करंगळी किंवा मधल्या बोटांचं हाड जागेवर असेल, तर मोड असो वा मुका मार, उपचार जवळपास तोच राहतो. ज्या चाचणीने निर्णय बदलत नाही, तिचा उपयोग कमीच. पण पुढीलपैकी काहीही असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा:

1. मार अंगठ्याला आहे. चालताना, धावताना पाय रेटण्याचा मोठा भार अंगठाच घेतो.
2. बोट वाकडं किंवा फिरलेलं दिसतंय.
3. जखम उघडी आहे, किंवा नख मुळापासून उचकटलंय.
4. बोट बधिर, गार, पांढरं किंवा निळसर पडलंय.
5. दुखणं बोटापुरतं नाही, पायाच्या मधल्या भागातही आहे, किंवा पाय टेकवतच नाही.
6. मधुमेह आहे किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी आहे.
7. आठवडाभरात काहीच फरक नाही.

आणि एक विनंती. हाड मोडल्याची शंका असताना तेल लावून चोळणं, बोट ओढून 'बसवणं' टाळा. जागेवर असलेला तुकडा त्याने सरकू शकतो.

घरी काय करायचं?

पहिले दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं लावा, थेट कातडीवर नको. दुखलेलं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधतात. मध्ये गॉज किंवा थोडा कापूस ठेवायचा, नाहीतर घामाने कातडी सोलते. पट्टी घट्ट आवळायची नाही. बोटाचा रंग बदलला किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करायची. ओली झाली की बदलायची. मधुमेह असलेल्यांनी विचारल्याशिवाय बांधू नये. मऊ स्लिपरपेक्षा कडक तळाचा, पुढे रुंद असलेला बूट बरा, कारण त्यात बोट कमी वाकतं.

दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं?

नाही. आधी मोडलेल्या जागी रक्ताची गाठ धरते. मग साधारण दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, पुढे त्यात कॅल्शियम साचून तो कडक होतो. नंतर कित्येक महिने हाड आपला आकार सुधारत राहतं. बोटाला साधारण चार ते सहा आठवडे धरायचे. दुखणं बहुधा त्याआधीच कमी होतं, आणि फसगत होते ती तिथेच.

म्हणून फक्त कॅलेंडर बघू नका, क्षमता बघा. खेळात परतण्याबद्दल 2016 मध्ये तज्ज्ञांनी एक सहमती-निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात परतण्याचे तीन टप्पे आहेत: आधी मर्यादित सहभाग, मग आपल्या खेळात परत, आणि शेवटी आधीची कामगिरी. त्याच धर्तीवर बोटासाठी पायऱ्या अशा लावता येतील:

1. नेहमीच्या बुटात न लंगडता चालता येतं, हाड दाबल्यावर दुखत नाही.
2. चवड्यांवर उभं राहता येतं, मग एका पायावर उडी मारता येते.
3. सरळ रेषेत हळू धावता येतं.
4. झटकन दिशा बदलता येते, दम न सोडता चढाईच्या हालचाली करता येतात.
5. पूर्ण सराव. अनवाणी मातीवर सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी दुखणं किंवा सूज वाढली, तर एक पायरी खाली यायचं.

मग दहा दिवसांवरची निवड?

हाड खरंच मोडलं असेल तर दहाव्या दिवशी तिथे जेमतेम मऊ जोड असतो. पट्टी बांधून, वेदनाशामक गोळी घेऊन उतरता येईलही. पण गोळी हाड जोडत नाही, फक्त इशारा दाबते. पकडीत त्याच बोटावर पाय पडला आणि तुकडा सरकला, तर एका निवडीऐवजी अख्खा हंगाम जाऊ शकतो. मार मुका असेल आणि वरच्या पायऱ्या खरोखर पार होत असतील, तर जरूर उतरा. हे ठरवण्यासाठी एक्स-रे काढणं इथे योग्यच, कारण आता त्याने निर्णय बदलणार आहे.

पुढच्या वेळी कुठलाही पेपर हातात घ्याल तेव्हा तीन प्रश्न वहीत लिहा: ही चाचणी कोणावर तपासली? ती काय चुकवते? आणि तिच्या उत्तराने माझा निर्णय बदलतो का? तुमच्या विषयातली एखादी चाचणी घेऊन आजच करून बघा.