क्रेनचं लायसन्स मिळालं, पण उचल कोण शिकवणार?

बोरघाटात कंटेनर आडवा झाला की खोपोलीकडची क्रेन निघते. ती रस्त्यावरून न्यायला आरटीओचा त्या वर्गाचा परवाना लागतो. पण परवाना म्हणजे गाडी चालवता येते एवढंच. वजन उचलणं हे वेगळं कसब आहे.

केबिनमधल्या लोड चार्टपासूनच सुरुवात करावी. ‘20 टनी’ क्रेन 20 टन उचलते ती बूम उभी आणि वजन अगदी जवळ असतानाच. वजनाचं अंतर दुप्पट झालं की क्षमता निम्म्यावर, बरेचदा त्याहूनही खाली येते. त्यात घाटातला उतार आणि पावसाने भुसभुशीत झालेली साइडपट्टी! म्हणून जाणता ऑपरेटर आधी जमीन बघतो, आउटरिगर पूर्ण बाहेर काढतो, त्यांच्याखाली जाड लाकडी स्लीपर घालतो, वजन वीतभर उचलून थांबतो आणि मगच पुढचं काम.

बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांनी ऑपरेटर सक्षम, धोक्यांची जाण असलेला आणि वेळोवेळी वैद्यकीय तपासणी झालेला असावा, असं बजावलं. कारखान्यांतल्या क्रेनची वर्षातून किमान एकदा कसून तपासणी 1948 च्या कायद्यातच आली.

एवढी काळजी कशाला? ऑगस्ट 2023 मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून 20 जण गेले.

म्हणून हे कसब शिकू पाहणाऱ्या कर्जत-खालापुरातल्या पोरांनी हायड्रा क्रेनवर हेल्पर म्हणून राहताना स्लिंग बांधणं आणि हाताचे इशारे पक्के करावेत. इशारा एकाच सिग्नलमनचा घ्यायचा. ‘थांब’ मात्र कुणीही म्हटलं तरी थांबायचं.