आमचे भिजत घोंगडे

एखादे काम रेंगाळले की आपण सहज म्हणून जातो, 'भिजत घोंगडे पडले आहे'. हा वाक्प्रचार कशावरून आला असेल, हे ज्याने खरोखरीचे ओले घोंगडे एकदा तरी उचलले आहे त्याला कोणी सांगावे लागत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतका ओलावा पोटात घेते आणि तरीही हाताला कोरडीच लागते. म्हणून तर धनगर घोंगड्याची खोळ करून भर पावसात मेंढरांमागे उभा राहू शकतो. पण तेच घोंगडे एकदा पुरते भिजले की पिळायला दोन माणसे लागतात आणि वाळायला दिवस पुरत नाहीत.

आमच्या घरातही सध्या एक घोंगडे असेच पडले आहे. गंमत अशी, की ते अजून विणलेलेच नाही. ते ज्या सुताचे व्हायचे ते सूत मी कातते आहे आणि हे कातणे म्हणजे काय, हे या लेखात सांगावे असे मनात आहे.

आमचे मूळ गाव माण तालुक्यात. वडील तळोजा औद्योगिक वसाहतीत कामाला लागले आणि आम्ही नावड्याला राहू लागलो. गावाकडे चुलत्यांची मेंढरे अजून आहेत. मागच्या वर्षी आजी मोतीबिंदूच्या उपचारासाठी आमच्याकडे आली, ती एका पोत्यात लोकर आणि पिशवीत स्वतःची चाती घेऊनच. घरच्या बिरोबाच्या देवकार्याला अंथरायचे घोंगडे पार जीर्ण झाले आहे. नवे घोंगडे विकतच्या सुताचे नको, घरच्या मेंढरांच्या लोकरीचे आणि घरच्याच हाताचे हवे, हा तिचा हट्ट. नऊशे ग्रॅम सूत तिने कातले आणि मग अंगठ्याचे सांधे आखडले. आईला नोकरी आणि घर. राहिले मी. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळे 'हिला पुस्तकातलं येतं, हे का येऊ नये?' असा आजीचा सरळ हिशेब.

मराठीत कातरणे आणि कातणे या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण मधे कामाचा डोंगर आहे. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. त्याआधी मेंढरांना ओढ्यात किंवा तळ्यात धुऊन काढायची पद्धत. एका कातरणीला एका मेंढीमागे पावशेर-दीड पावशेर लोकर निघते. रंग बहुधा काळा, करडा, मधून पांढरा. त्यामुळे रंगाऱ्याकडे जायची गरज नाही. ही लोकर भरड. ज्या मेरिनो मेंढीच्या लोकरीचे स्वेटर दुकानात महाग मिळतात, तिचा धागा साधारण वीस मायक्रॉन जाडीचा असतो. आमच्या मेंढीचा त्याच्या दुपटीच्या घरात, शिवाय त्यात केसही मिसळलेले. म्हणून घोंगडे अंगाला टोचते. पण माळावरच्या काट्याकुट्यात, खडकावर टाकून झोपायला मेरिनोची मऊ शाल काय कामाची?

आता थोडे कडू बोलते. चुलत्यांच्या लोकरीला येणाऱ्या पैशांतून कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. कित्येकदा ती बांधावर टाकून देतात. मेंढी आता मटणासाठी पाळतात. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी उंच, बाकदार नाकाची मेंढी वजनाला भरते, तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नसतेच; सगळ्यांना तिचीच पैदास हवी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला, तोही कोकरांची संख्या वाढावी म्हणून. यात चूक काही नाही. पोट मटणावर भरते, घोंगड्यावर नाही. 1978 साली राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे त्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. पण बाजारात पानिपतच्या गिरण्यांची ब्लँकेटे स्वस्त मिळत असताना हातसुताचे घोंगडे मागणार कोण?

असो. कातण्याकडे वळू.

पोत्यातून काढलेली लोकर आधी निवडायची. गोखरू, कुसळे, लेंड्यांचे कण. अर्धा किलो लोकर निवडून धुतली की हाती साडेतीनशे ग्रॅम उरते, हे मी वजनकाट्यावर पाहिले आहे. धुताना दोन गोष्टी सांभाळायच्या: पाणी कडकडीत नको आणि चोळायचे तर मुळीच नाही. लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात, घरावर कौले एकावर एक चढवलेली असतात तसे. गरम पाण्यात ते उघडतात, चोळले की एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. मग तो उलगडणे ब्रह्मदेवालाही शक्य नाही.

नंतर पिंजणे. गावाकडे हे काम कमानीच्या तातेवर करतात. नावड्याच्या दोन खोल्यांत कमान चालवली तर शेजारी दार ठोठावतील. म्हणून मी पनवेलहून कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश आणले. एकावर लोकर घालायची, दुसऱ्याने ओढायची, केस एका दिशेने झाले की गुंडाळून बोटाएवढा पेळू करायचा. आजीने ब्रश हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "कुत्र्याचं असू दे न्हायतर वाघाचं, पेळू चांगला हुतोय न्हवं?"

चाती म्हणजे वीतभर-दीड वीत काठी आणि तिच्या खालच्या टोकाजवळ एक चकती. आजीची चाती बाभळीची आहे. माझ्यासाठी सुताराने बांबूच्या कामटीला मोडक्या पोळपाटाची चकती बसवून दिली. चकतीचे काम फिरण्याचा जोर धरून ठेवण्याचे. ती फार हलकी असली तर चाती चार गिरक्यांत दमते, फार जड असली तर बारीक सूत तिच्या वजनानेच तुटते. नवशिक्याला तीस-चाळीस ग्रॅमची बरी. आपल्या भाषेत सतत बोलणाऱ्याच्या तोंडाची 'टकळी' चालते म्हणतात. ती टकळी म्हणजे चातीचीच सूतकताई बहीण. शब्द राहिला, वस्तू पाहिलेली माणसे कमी झाली.

मुख्य कसब इथून पुढे. चातीला जुन्या सुताचा हातभर तुकडा बांधतात, त्याच्या टोकाशी पेळूचे केस जोडतात, चाती मांडीवर घासून फिरवतात आणि सोडतात. पीळ वर चढतो आणि केसांचे सूत होते. सांगायला एवढेच. पण उजवा हात पेळू ओढतो आणि डावा हात पीळ अडवतो, त्या दोन हातांमधल्या जागेत सगळी विद्या आहे. आमच्या लोकरीचा एकेक केस सुमारे दोन ते तीन इंच लांब. दोन्ही हात त्याहून जवळ असले तर एकाच केसाची दोन टोके आपण दोन्हीकडून धरून बसतो, मग कितीही जोर लावा, पेळू हलत नाही. हात केसाच्या लांबीपेक्षा थोडे दूर नेले की तोच पेळू लोण्यासारखा सुटतो. फारच दूर नेले तर मधे तुटून दोन तुकडे. कापसाचा तंतू इंचभराचा, म्हणून सूतकताईवाल्याचे हात जवळ असतात. लोकरवालीचे लांब. आजीला यातले एकही इंच माहीत नाही. ती फक्त म्हणते, "वढू नगंस पोरी, लोकर आपसूक येती, तू निस्ती वाट दे."

दुसरी गोष्ट पिळाची. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. सुतात एक ठिकाणी जाड गाठोडे आणि शेजारी बारीक भाग असला तर सगळा पीळ बारीक भागात गोळा होतो, तो आणखी ताठ होतो आणि जाड भाग फुसका राहतो. म्हणून जाड-बारीक सूत जाड ठिकाणी निसटते आणि बारीक ठिकाणी कडकन तुटते. जाड जागा दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना बोटे धरून पीळ थोडा उलटा सोडायचा, केस सुटे होतात, तेवढे ओढून घ्यायचे आणि पुन्हा पीळ येऊ द्यायचा. अगदी सुरुवातीला फिरवणे आणि ओढणे एकाच वेळी करू नये. चाती फिरवून गुडघ्यांत दाबून धरावी, साठलेला पीळ हळूहळू पेळूत सोडावा. आजीला ही पद्धत पांगळ्याची काठी वाटते. ती चालता चालता, मेंढरांमागून, डोक्यावर मोट घेऊन कातत आली आहे.

पीळ पुरेसा झाला का, हे पाहायची युक्ती सोपी आहे. सूत सैल सोडून मधे दुमडायचे. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळले गेले तर पीळ आहे, नुसते लोंबत राहिले तर नाही. चाती भरली की कुकडी उतरवून त्याची लड करायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली हलके वजन टांगून वाळवायची. मग पीळ बसतो. आमच्या गॅलरीत वाळणाऱ्या लडी पाहून शेजारच्या आगरी आजोबांनी विचारले, "जाल्याचा दोरा हाय का?" त्यांच्या लहानपणी घरी जाळ्याचा दोरा हातानेच पिळत. नायलॉन आले आणि ते थांबले. त्यानंतर ते दोनदा येऊन चाती फिरवून गेले. सवय बोटांतून गेलेली नव्हती.

पुष्कळांना वाटते, सूत म्हणजे चरखा आणि चरखा म्हणजे गांधीजी. चरखा त्यामानाने अलीकडचा. भारतातला त्याचा पहिला स्पष्ट उल्लेख इसामी या कवीने 1350 साली दख्खनच्या बहमनी राज्यात लिहिलेल्या 'फुतूह-उस्-सलातीन' या काव्यात सापडतो. त्याआधीचे जगातले बहुतेक सगळे सूत, राजांच्या शेल्यांपासून जहाजांच्या शिडांपर्यंत, अशाच काठी-चकतीवर निघाले. इतिहासाच्या पेपरात याला गुण नाहीत, पण मला ही गोष्ट सनावळ्यांहून मोठी वाटते.

आता माझा हिशेब. जुने घोंगडे वजनाला सव्वादोन किलो भरले. म्हणजे तेवढेच सूत हवे; त्यासाठी निवडण्यातली घट धरून सव्वातीन किलो लोकर, अकराएक मेंढ्यांची. पहिल्या आठवड्यात तासाला आठ ग्रॅम सूत निघत होते, आता पंचवीस निघते. आजीचे नऊशे ग्रॅम तयार होते, माझे आठशे झाले. साडेपाचशे बाकी. पंचवीसच्या गतीने बावीस तास, पण मधे परीक्षा आहे आणि एक अडचणही आहे.

घोंगडी विणणारा समाज सणगरांचा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावाजवळच्या एका सणगर आजोबांकडे सूत घेऊन गेलो. त्यांचा खड्डामाग जमिनीत आहे. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून ती उन्हात वाळवावी लागते, म्हणून पावसाळ्यात विणकाम बंद. मुलगा पुण्यात नोकरीला लागला आहे. या उन्हाळ्यानंतर खड्डा बुजवून तिथे खोली काढायची ठरली आहे. "पावसाच्या आत सूत आणलंत तर विणीन," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही लडी चिमटीत धरल्या, दुमडून पाहिल्या, आजीची डावीकडे ठेवली, माझी उजवीकडे. म्हणाले, "म्हातारीचं ताण्याला. पोरीचं बाण्याला."

ताणा म्हणजे उभे सूत. त्याला मागाचा ताण सोसावा लागतो, म्हणून ते घट्ट पिळाचे आणि सारखे हवे. बाणा थोडा सैल चालतो. ताण्याला अकराशे ग्रॅम लागते आणि आजीचे नऊशेच आहे. बाण्याचे उरलेले साडेतीनशे मी आत्ताच्या हाताने काढीन. ताण्याचे दोनशे मात्र तिच्या पिळाचे निघाले पाहिजे, नाहीतर मागावर ते तुटेल आणि सणगर आजोबा परत पाठवतील. सध्या रोज रात्री मी हातभर सूत कातते आणि आजीच्या बोटांत देते. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ती अजून बारीक पाहू शकत नाही, त्यामुळे ती सूत पाहतच नाही. अंगठ्याखालून सरकवते, एखाद्या जागी थांबते आणि "हितं सोड" म्हणून मला तेवढा भाग उलगडायला लावते. कालच्या हातभरात ती तीनदा थांबली. गेल्या महिन्यात अकरादा थांबायची.