जुन्या जर्मन मोटारगाड्या : त्यांची दुरुस्ती व फेरबदल

रविवारीं सकाळीं खोपोलीहून बोरघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेस कोणी घटकाभर उभा राहिला, तर नव्या गाड्यांच्या रांगेंत एखादी चाळीस-पन्नास वर्षांची जुनी मोटार त्याच्या दृष्टीस पडण्याचा संभव आहे. आकार चौकोनी, पत्रा जाड, आणि पुढील टोंकावर तीन पात्यांचा तारा. कधीं ती डौलानें घाट चढत असते. कधीं कडेला उभी असते आणि तिचा मालक बाह्या सरसावून उघड्या बॉनेटांत डोकावत असतो. अशा गाडीभोवतीं आपल्या शाळेचीं मुलें जमतात, आणि सोमवारीं वर्गांत प्रश्न येतो : "सर, एवढी जुनी गाडी चालते कशी? आणि नवी घेण्याची ऐपत असतां हे लोक हीच कां चालवितात?" ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे, कीं जर्मन मोटार आपल्या भागास वाटते तितकी परकी नाहीं. भाजीच्या पाट्या वाहणाऱ्या गाडीस आपण सर्वजण 'टेम्पो' म्हणतों. हें मूळचें हॅम्बुर्ग येथील विडाल आणि सन ह्यांच्या कारखान्याच्या गाड्यांचें नांव होय. १९५८ सालीं स्थापन झालेल्या बजाज टेम्पो ह्या कंपनीनें त्यांची तीनचाकी गाडी आपल्या देशांत काढली, आणि कारखान्याचें नांव मराठी भाषेंत सामान्यनाम होऊन बसलें. पुढें २००५ सालीं त्या कंपनीनें आपलें नांव फोर्स मोटर्स असें केलें. तसेंच १९५४ सालीं टेल्को कंपनीनें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं सहकार्य करून मालमोटारी बांधावयास आरंभ केला. तें सहकार्य १९६९ पर्यंत टिकलें. मर्सिडीज-बेंझच्या प्रवासी मोटारी पुण्याजवळ तयार होऊं लागल्या त्या १९९५ पासून.

ह्या मोटारींपैकीं जिच्यावर हौशी लोकांचें विशेष प्रेम आहे, ती १९७६ ते १९८५ ह्या काळांत निघालेली मर्सिडीज होय. कारखान्याच्या परिभाषेंत तिला डब्ल्यू १२३ म्हणतात. तिच्या एका प्रकारांत चार सिलिंडरांचें २.४ लिटरचें डिझेल इंजिन असे. ह्या इंजिनाचा परवाना पुढें बजाज टेम्पोनें घेतला, आणि त्याच कुळांतील इंजिन खेडोपाडीं उतारू वाहणाऱ्या ट्रॅक्स गाड्यांतून धांवूं लागलें. म्हणून, जर्मनींत जन्मलेली ही मोटार घाटाच्या पायथ्याशीं बंद पडली, तर तिचें हृदय ओळखणारा मिस्त्री येथें अगदींच विरळा नाहीं.

तें इंजिन चालतें कसें? पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन वर येतांना सिलिंडरमधील हवा सुमारें एकविसाव्या हिश्शाइतक्या जागेंत दाबली जाते. सायकलच्या पंपानें हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक तापतें, हा तुमचा अनुभव आहे. तोच न्याय येथें शतपट प्रखर होतो. त्या तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा पडतांच तो आपोआप पेट घेतो. ह्या जुन्या इंजिनांत फवारा प्रथम एका लहानशा कोठींत पडतो व तेथून ज्वाला मुख्य सिलिंडरांत येते. सकाळीं इंजिन थंड असतां ही कोठी आधीं तापवावी लागते. त्यासाठीं जो विजेचा भाग असतो त्यास मिस्त्री लोक 'हीटर प्लग' म्हणतात. ह्या यंत्रांत संगणक नाहीं. जें कांहीं घडतें तें डोळ्यांनीं पाहतां येतें, कानांनीं ऐकतां येतें व हातांनीं दुरुस्त करतां येतें. हौशी लोकांच्या प्रेमाचें मुख्य कारण हेंच आहे.

अशा मोटारी किती टिकतात ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ग्रीस देशांतील एका टॅक्सीवाल्यानें आपली १९७६ ची मर्सिडीज सुमारें ४६ लाख किलोमीटर चालविली, आणि २००४ सालीं कंपनीनें ती आपल्या संग्रहालयासाठीं घेतली. ऐकणाऱ्यास हा चमत्कार वाटतो. परंतु त्या गाडीचें इंजिन वेळोवेळीं उतरविलें जात होतें, दुरुस्त होत होतें व पुन्हां बसविलें जात होतें. गाडी टिकली नाहीं, ती टिकविली गेली.

दुरुस्तीचा पहिला नियम असा : आधीं पाहा व ऐका, मग पाना हातीं घ्या. धुराचा रंगच अर्धें निदान सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें इंधन अधिक. हवेची गाळणी तुंबली असेल किंवा नोझल खराब असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. पांढरा धूर थंड इंजिनांत क्षणभर निघाला तर चिंता नाहीं. पण इंजिन तापल्यावरही निघत राहिला, तर हेडचें गॅस्केट फुटून पाणी आंत जात आहे कीं काय, हें तपासलें पाहिजे. आपल्या कोंकणपट्टींतील पावसाळ्यामुळें गंज हा आणखी एक शत्रु आहे. तो पायपुसण्याखालच्या पत्र्यांत दडून बसतो. लागणारे सुटे भाग कधीं मुंबईस कुर्ल्याच्या बाजारांत सांपडतात, कधीं ते जर्मनीहून मागवावे लागतात. जुन्या गाड्यांच्या मालकांसाठीं कंपनीनें १९९३ सालीं फेलबाख येथें स्वतंत्र केंद्रच उघडलें आहे.

आतां फेरबदलाकडे वळूं. दुरुस्ती म्हणजे कर्त्यानें जसें केलें होतें तसें पुन्हां करणें. फेरबदल म्हणजे कर्त्यानें जें केलें नव्हतें तें करणें. कोणी इंजिनास टर्बो बसवून त्याचें सामर्थ्य वाढवितो, कोणी स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत आणतो, कोणी रुंद चाकें घालतो. हा छंद नवा नाहीं. मागील पिढींत पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनीं परदेशी मोटारींचीं मूळ इंजिनें काढून तेथें डिझेलचीं बसविलीं. त्यांचेच नातू आज तीं मूळ इंजिनें शोधीत भंगाराचे बाजार धुंडाळीत आहेत.

जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, कारण कोरें कापड आटतें व फाटलेलें अधिकच फाटतें, असा दृष्टांत प्रभु येशूनें दिला आहे. त्याचा अर्थ पुष्कळ खोल आहे, हें मी जाणतों. तथापि मोटारीच्या बाबतींत तो अक्षरशः खरा ठरतो. इंजिनाचें सामर्थ्य वाढविलें, कीं क्लच, गियर, रेडिएटर व ब्रेक ह्या सर्वांवर अधिक भार येतो. ते मात्र जुनेच राहतात. ठिगळ मजबूत असतें, वस्त्र फाटतें.

हें कोठें उघडकीस येतें? घाटांत. चढतांना इंजिन पूर्ण जोरानें चालतें, पण वेग कमी असल्यामुळें रेडिएटरला वारा कमी मिळतो. जुन्या रेडिएटरच्या नळ्या क्षारांनीं भरलेल्या असल्या, तर पाणी उकळूं लागतें. (रेडिएटरमधील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या पुढें जाऊनही उकळत नाहीं, म्हणून तापलेल्या गाडीचें झांकण उघडूं नये. उघडतांच दाब सुटतो व उकळतें पाणी तोंडावर उसळतें. मुलांनीं हें पक्कें ध्यानांत ठेवावें.) तरीही चढणीवर चुकलें तर गाडी केवळ थांबते. उतरणीवर चुकलें तर ती थांबत नाहीं.

वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनीं एक गणित करून पाहावें. १४०० किलो वजनाची मोटार खंडाळ्याहून खोपोलीस येतांना सुमारें ५०० मीटर खालीं उतरते. तिची जी स्थितिज ऊर्जा नाहींशी होते तिची सर्व उष्णता जमा केली, तर ३० अंशांचें सुमारें २३ लिटर पाणी उकळण्याच्या बिंदूस पोंचेल. चालकानें केवळ ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला, तर ह्या उष्णतेचा फार मोठा भाग चार चाकांजवळच्या लहानशा चकत्यांत निर्माण होतो. तेथून ती ब्रेक ऑइलमध्यें जाते. ताजें ब्रेक ऑइल दोनशें अंशांवर तापल्याखेरीज उकळत नाहीं. परंतु तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि आपल्याकडे चार महिने ओलाव्याची वाण नसते. असें ओलावलेलें ऑइल पुष्कळ कमी उष्णतेवर उकळतें, नळींत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पायाखालचा ब्रेक एकदम तळास जातो. म्हणून ब्रेक ऑइल दोन वर्षांनीं बदलावें, आणि ज्या गियरमध्यें घाट चढावा त्याच गियरमध्यें उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम पाळावा.

आगगाडीच्या बाबतींत हा विचार आपल्या पूर्वजांनीं केव्हांच केला होता. कर्जत स्टेशनांत पुण्याकडे जाणाऱ्या गाडीस मागून जादा इंजिनें जोडतात, हें तुम्हीं नेहमीं पाहतां. परंतु १८६३ सालीं सुरू झालेल्या त्या लोहमार्गावर, उतरतांना ताबा सुटलेल्या गाडीस अडविण्यासाठीं चढणीवर नेलेले आडमार्गही बांधलेले आहेत. चढविणाऱ्या शक्तीची जितकी काळजी, तितकीच थांबविणाऱ्या शक्तीची.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी खोपोलीच्या बाजूस गॅरेजांत काम करतो. मॅट्रिकनंतर त्यानें हा धंदा पत्करला, तेव्हां त्याच्या वडिलांस इतकें वाईट वाटलें, कीं ते मजकडे येऊन बराच वेळ न बोलतां बसून राहिले. गेल्या वर्षीं मी त्याच्याकडे गेलों असतां एका जुन्या मर्सिडीजचा मालक आलेला होता. दोन दिवसांत टर्बो बसवून द्यावा, मागाल ते पैसे देईन, असें तो म्हणत होता. मुलानें ब्रेक ऑइलच्या डबीचें झांकण काढून दाखविलें. आंतील द्रव चहासारखा काळा झाला होता. तो नम्रपणें म्हणाला, "साहेब, आधीं ब्रेक करूं. मग टर्बोचें बोलूं." गृहस्थ रागावून गाडी घेऊन गेले, ते पुन्हां आले नाहींत. काम गेल्याचें वाईट वाटलें काय, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "वाटलें, सर. महिन्याचें भाडें निघालें असतें. पण ती गाडी घाट उतरतांना माझ्या डोळ्यांपुढें आली असती." त्याचे वडील त्या वेळीं दारांत उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. आंत जाऊन त्यांनीं आम्हां दोघांसाठीं चहा आणला.

कायद्याचेंही म्हणणें ह्याहून वेगळें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीच्या कागदांत लिहिलेल्या निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच सांगितलें. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठीं २०२१ सालीं निराळे नियम झाले. त्यांप्रमाणें मूळ रूपांत राखलेल्या गाडीस 'व्हीए' अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. मात्र ती रोजच्या वापरासाठीं अगर धंद्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं.

तेव्हां मुलांच्या प्रश्नांचें उत्तर असें. जुनी गाडी चालते, कारण कोणीतरी तिच्या कर्त्याचा हेतु समजून घेऊन तिचा एकेक भाग राखलेला असतो. आणि लोक ती चालवितात, कारण असें समजून घेण्यांत जो आनंद आहे तो विकत मिळत नाहीं. पालकांस एवढीच विनंति, कीं ज्याच्या हातांस तेल लागलें आहे त्या मुलाची विद्या कमी समजूं नये. घाट उतरतांना आपण सर्वजण त्याच्याच विद्येवर विसंबून असतों.