साखरेच्या पांघरुणाखालची गाठ

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतून येणाऱ्या रुग्णांमध्ये एक प्रसंग अधूनमधून घडतो. रुग्ण आलेला असतो अपचनासाठी किंवा पित्ताच्या खड्याच्या शंकेने. सोनोग्राफी करताना यकृतात पाण्याने भरलेली गाठ दिसते, कधी कधी नारळाएवढी. "इतकी वर्षं ही आत होती आणि मला काहीच कसं कळलं नाही?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि तो अगदी योग्य आहे. पायात काटा मोडला तर दोन दिवसांत तिथे पू धरतो. मग एवढा मोठा परका जीव वर्षानुवर्षे आत राहत असताना शरीर गप्प कसे बसते?

ही हायडॅटिडची गाठ. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर, आणि कुत्र्याला त्याचा काही त्रास नसतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, पाण्यात जातात. मेंढीने ती गिळली की तिच्या यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. मेंढी कापल्यावर गाठी असलेली कलेजी कुत्र्यापुढे टाकली की चक्र पूर्ण. माणूस या चक्रात चुकून शिरतो, तोही अंडी पोटात गेल्यामुळे. मटण खाऊन हा रोग होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण गैरसमज फार आहे.

या गाठीला दोन अस्तरे असतात. आतले जिवंत आणि नाजूक. त्याच्या बाहेर पांढरट, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा दिसणारा जाड थर. या थरात एकही पेशी नसते. तो मुख्यतः म्युसिनचा असतो, म्हणजे आपल्या लाळेला आणि शेंबडाला चिकटपणा देणाऱ्या प्रथिनांच्या जातीचा. प्रथिनाचा दोरा आणि त्यावर साखरेच्या साखळ्यांची दाट झालर, अशी त्याची रचना. त्यात गॅलॅक्टोज भरपूर. दुधातल्या साखरेचा अर्धा भाग असतो तोच हा पदार्थ. पॅथॉलॉजीत साखर रंगवणारे पीएएस रंगद्रव्य टाकले की हा थर गडद गुलाबी होतो आणि निदान पक्के होते. (कारखान्यांच्या पट्ट्यातला रुग्ण इथे हमखास विचारतो, "साखर जास्त खाल्ल्यामुळं झालं का?" नाही. मधुमेहाचाही संबंध नाही.)

आता गप्प बसण्याचे कारण. आपल्या प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी मुख्यतः प्रथिनांचे तुकडे ओळखतात. साखरेच्या साखळ्या त्यांच्या हाती सहसा लागत नाहीत. त्यामुळे या थराविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली तरी त्यांची पकड ढिली राहते. शिवाय थराचे कण सतत सुटत असतात आणि ते गिळणाऱ्या आपल्या पेशी भडकण्याऐवजी शांततेच्या बाजूला झुकतात. उरुग्वे हाही मेंढ्यांचा देश. तिथल्या मोन्तेविदेओच्या संशोधकांनी या थराच्या साखरा एकेक करून उलगडल्या आहेत.

त्यातली एक साखळी तर आपल्या घरचीच निघाली. अनेकांच्या तांबड्या पेशींवर 'पी-वन' रक्तगटाची खूण असते. तशीच खूण या गाठीत सापडली. रक्तपेढ्यांमध्ये पी-वनविरोधी प्रतिपिंडे निष्प्रभ करण्यासाठी गाठीतले पाणी वापरले गेले आहे. मात्र वेषांतराने सगळे स्पष्ट होते असे मला वाटत नाही. ज्यांच्या रक्तात ही खूण नसते त्यांच्यात जोरदार प्रतिपिंडे तयार होऊनही गाठ टिकलेली दिसते.

साखरेचा हा खेळ निदानातही नडतो. गाठ अखंड असेल, विशेषतः फुप्फुसात, तर रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते. उलट काही साखळ्या इतर कृमींच्या प्रथिनांवरही असल्याने दुसराच कृमी असताना ती सदोष येते. विद्यार्थी असताना आम्ही शिकलेली कॅसोनीची त्वचाचाचणी तर मागेच पडली. म्हणून सोनोग्राफीवर विश्वास अधिक, आणि रिपोर्ट निर्दोष आहे म्हणून गाठ दुर्लक्षू नये.

हे पांघरूण फाटले की चित्र पालटते. आतल्या पाण्यातली प्रथिने रक्तात मिसळतात, अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. सांडलेल्या पाण्यातून पोटात नव्या गाठी रुजतात. म्हणून संशयित गाठीत सहज सुई घालायची नसते. निवडक रुग्णांत सुईने पाणी काढून आत जंतुनाशक सोडतात, पण अल्बेंडाझोल सुरू करून आणि भूलतज्ज्ञ जवळ ठेवूनच. काहींना शस्त्रक्रिया लागते, तर निवलेल्या गाठीवर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. अल्बेंडाझोल इथे महिनोन् महिने घ्यावे लागते. जंताची एक गोळी घेऊन भागत नाही.

मेंढ्यांसाठीची ईजी-९५ ही लस याच दुव्यावर बेतली आहे. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीवरच्या प्रथिनाची ती लस आहे. त्या पहिल्या काही दिवसांत पांघरूण तयार झालेले नसते आणि प्रतिपिंडे अळीला सहज मारतात. आइसलँडने हा रोग घालवला, न्यूझीलंडने २००२ मध्ये स्वतःला तात्पुरते रोगमुक्त जाहीर केले, पण या लसीशिवाय. कुत्र्यांना कच्चे अवयव मिळू न देणे आणि नियमित जंताचे औषध यांवरच त्यांचा भर होता. आपल्याकडे वाड्यातल्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल वर्षातून किमान चार वेळा द्यावे. जत्रेत बकरे कापताना गाठी दिसलेली कलेजी आणि फुप्फुसे उकिरड्यावर न टाकता जाळावीत, किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतकी खोल पुरावीत.