घरचे पान आणि गावची पंगत

रेल्वेच्या तत्काळ तिकिटांची नोंदणी आदल्या दिवशी सकाळी सुरू होते. वातानुकूलित वर्गासाठी ठीक १० वाजता. इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय आपल्या देशात २००२ साली झाली. तेव्हापासून ही धावपळ स्टेशनावरच्या खिडकीपुरती राहिलेली नाही. दहाचा ठोका पडण्याची वाट पाहत देशभर असंख्य माणसे आपापल्या घरी संगणकासमोर बसलेली असतात, आणि ठोका पडताच ती सारी एकाच दाराशी धाव घेतात.

या एका प्रसंगात दोन प्रकारचे संगणक कामाला लागलेले असतात. एक आपल्या टेबलावरचा. त्याला धनी एकच. दुसरा दूर कोठेतरी थंड राखलेल्या दालनात मांडलेला. त्याच्यासमोर कोणी बसलेले नसते, पण त्याच्या दाराशी एकाच क्षणी हजारो याचक उभे असतात. या दुसऱ्या प्रकारास सर्व्हर म्हणजे सेवा पुरविणारा संगणक म्हणतात. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क ही दोहोंची मुख्य अंगे सारखीच. बेरीज दोघेही एकाच रीतीने करतात. सर्व्हरचे सामान अधिक भक्कम असते हे खरे. परंतु त्याला त्याचा स्वभाव लाभतो तो मुख्यत्वे ऑपरेटिंग सिस्टिममुळे. हा स्वभाव घरच्या संगणकाहून कोठे आणि किती वेगळा असतो, हे आता पाहू.

कोठीचा कारभारी

ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाच्या कोठीवरची कारभारी होय. प्रोसेसरचा वेळ, मेमरीतील जागा आणि डिस्कवरील माहिती कोणत्या कामास किती द्यावयाची, हे ती ठरविते. कामे अनेक आणि प्रोसेसर मोजके असतात. म्हणून ती प्रत्येक कामाला क्षणभर प्रोसेसर देते, मग तो काढून दुसऱ्यास देते. ही पाळी इतक्या झपाट्याने फिरते की सर्व कामे एकदमच चालली आहेत असा आपणांस भास होतो.

ही युक्ती घरगुती संगणकासाठी निघालेली नाही. पूर्वी संगणक अतिशय महाग असे व एका वेळी एकाचेच काम करीत असे. इतरांना तासन् तास खोळंबून राहावे लागे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एकच संगणक अनेकांना पाळीपाळीने वापरता येईल अशी व्यवस्था चालवून दाखविली. पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. तीही लवकरच अनेकांची व्यवस्था झाली. अर्थात, अनेकांची सेवा हा संगणकाचा जुना धर्म आहे. एकाच धन्याची चाकरी ही मागाहून आलेली चैन आहे.

वाढप्याची रीत

घरी जेवावयास एकच माणूस बसलेला असला म्हणजे तव्यावरची पोळी थेट त्याच्या पानात पडते. त्याने मान वर करताच आमटी येते. गावच्या पंगतीत असे करून चालत नाही. तेथे वाढपी भाताचे पातेले घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, मगच वरणाला हात घालतो. कोणा एकाने हाक मारली म्हणून तो प्रत्येक वेळी पातेले ठेवून धावू लागला, तर निम्मी पंगत उपाशी राहील.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन प्रकारांतील पहिला भेद नेमका हाच आहे. विंडोजच्या घरगुती आवृत्तीत एका कामाला सामान्यतः घड्याळाच्या दोन ठोक्यांइतकी पाळी मिळते, तर सर्व्हर आवृत्तीत बारा ठोक्यांइतकी. हा ठोका बहुधा सेकंदाच्या चौसष्टाव्या भागाचा असतो. म्हणजे घरी पाळी सेकंदाच्या बत्तिसाव्या भागाची, तर सर्व्हरवर सुमारे पंचमांश सेकंदाची. शिवाय घरगुती आवृत्तीत आपण जी खिडकी उघडून बसलो असू, त्या कामाची पाळी तिप्पट करण्यात येते. सर्व्हरवर असा लाडका कोणी नसतो.

लांब पाळीने लाभ काय, अशी शंका येईल. एक काम थांबवून दुसरे हाती घेताना प्रोसेसरला पहिल्याची सारी मांडामांड जपून ठेवावी लागते व दुसऱ्याची पुन्हा मांडावी लागते. जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत पहिल्या कामाची जी माहिती साठलेली असते, ती दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. पातेली वारंवार बदलण्यात वाढप्याचा जसा वेळ जातो, तसाच हा व्यय आहे. सर्व्हर तो टाळतो आणि एकूण काम अधिक उरकतो. घरगुती संगणक तो व्यय खुशीने सोसतो. कारण कळ दाबल्यावर अक्षर उमटावयास विलंब लागला तर त्याचा धनी चिडेल.

लिनक्समध्येही हीच निवड आढळते. लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या या प्रणालीचा गाभा रचताना घड्याळाने सेकंदाला १०० ठोके द्यावेत की १०००, हे ठरविण्याची सोय २००५ पासून आहे. परंपरेने कमी ठोके सर्व्हरला मानवतात आणि अधिक ठोके घरगुती संगणकाला.

पडदा नाही, निद्रा नाही

दुसरा भेद डोळ्यांना दिसणारा आहे. सर्व्हरला चित्रे, खिडक्या आणि बाणाच्या खुणा यांची गरज बहुधा नसते. लिनक्सच्या सर्व्हर आवृत्त्या पुष्कळदा केवळ अक्षरी आज्ञांवर चालतात, आणि त्या आज्ञाही दूरवरून, गुप्तलेखनाने सुरक्षित केलेल्या मार्गाने येतात. विंडोजनेही २००८ च्या सर्व्हर आवृत्तीपासून बहुतेक चित्रमय पसारा वगळलेली मांडणी देऊ केली. यात मेमरी वाचते, आणि दुसराही लाभ होतो : घराला जितकी दारे कमी, तितके चोराचे भय कमी.

घरगुती संगणक धनी उठून गेला की थोड्या वेळाने झोपी जातो. सर्व्हरला ही मुभा नाही. वीज जाऊन पुन्हा आली तर कोणी येऊन नाव व परवलीचा शब्द टंकण्याची वाट न पाहता त्याच्या सेवा आपण होऊन सुरू व्हाव्या लागतात. त्याचे आयुष्यही स्थिर असावे लागते. म्हणून उबुंटू या लिनक्स-प्रणालीच्या काही आवृत्त्यांना पाच वर्षे दुरुस्त्या पुरविण्याची हमी असते, तर इतर आवृत्त्यांना नऊ महिनेच.

भेद खरा की कागदी?

येथवरचे भेद कामाच्या गरजेतून आले आहेत. परंतु काही भेद विक्रीच्या गरजेतूनही येतात. या बाबतीत १९९६ सालचे एक प्रकरण उद्बोधक आहे. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी विंडोज एनटी ४.० ही प्रणाली दोन रूपांत आणली : वर्कस्टेशन व सर्व्हर. सर्व्हरची किंमत पुष्कळच अधिक होती. वर्कस्टेशनच्या परवान्यात त्यास एका वेळी जोडल्या जाणाऱ्या संगणकांवर दहाची मर्यादा घालण्यात आली. दोन्ही प्रणाली भिन्न प्रयोजनांसाठी घडविलेल्या आहेत, असे कंपनीचे प्रतिपादन होते.

मार्क रसिनोव्हिच आणि अँड्र्यू शुलमन या दोघा जाणकारांनी दोहोंची चिकित्सा केली. त्यांना आढळले की गाभा दोहोंत एकच आहे. संगणक सुरू होताना तो गाभा दोन नोंदींत आपली जात वाचतो आणि त्यानुसार पाळीची लांबी, मेमरीची वाटणी इत्यादी डझनावारी मूल्ये ठरवितो. त्या दोन नोंदी बदलल्या की वर्कस्टेशन स्वतःस सर्व्हर समजू लागे! सर्व्हर आवृत्तीबरोबर अधिक साधने येत होती, हे कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे. तथापि एक गोष्ट उघड झाली : स्वभाव वेगळा असण्यासाठी अंतःकरण वेगळे असावे लागत नाही.

मर्यादांची ही परंपरा पुढेही चालू राहिली. विंडोज १० च्या होम आवृत्तीस १२८ गिगाबाइटपर्यंतच मेमरी वापरता येते. विंडोज सर्व्हर २०१९ ला २४ टेराबाइट, म्हणजे त्याच्या १९२ पट. हा आकडा गाभ्याच्या कुवतीने नव्हे, तर आवृत्तीच्या नावाने ठरतो.

वाचनालयातला सर्व्हर

हे जाणून घेण्याचा आपणांस उपयोग काय? एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला ग्रंथसूची दहा-वीस वाचकांना एकदम पाहता यावी, यासाठी सर्व्हर हवा असतो. तो फार महाग असणार, या समजुतीने विचार तेथेच सोडून दिला जातो. परंतु कोपऱ्यात पडलेल्या जुन्या, पण धडधाकट संगणकावर डेबियनसारखी विनामूल्य प्रणाली चित्रमय पसाऱ्यावाचून बसविली, तर एवढे काम तो सुखाने करील. मात्र त्याची माहिती दुसऱ्या डिस्कवर नियमाने उतरवून ठेवावी, दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात, आणि ज्या सेवा नको असतील त्या बंद कराव्यात. अनेकांचा सेवक आजारी पडला म्हणजे अनेकांचे काम अडते. म्हणून त्याची काळजी घरच्या संगणकाहून अधिक घ्यावी लागते.

ज्यांच्याजवळ विंडोजचा संगणक असेल, त्यांना एक गोष्ट स्वतः पाहता येईल. कार्यक्षमतेच्या प्रगत पर्यायांत प्रोसेसरच्या वाटणीसंबंधी दोन गोल दिसतात : एक ‘प्रोग्राम्स’पुढे, दुसरा ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’पुढे. घरगुती आवृत्तीत पहिला निवडलेला असतो, सर्व्हर आवृत्तीत दुसरा. समोर बसलेल्या एकाचे पान आधी भरावयाचे की न दिसणाऱ्या अनेकांची पंगत उठवावयाची, हा प्रश्न त्या दोन गोलांत सामावलेला आहे. त्याचे उत्तर यंत्र देत नाही. यंत्र कोणासाठी राबणार आहे हे जाणणाऱ्या माणसाने ते द्यावयाचे असते.